खाचेतून घसरलेला गोफ

गोष्ट जुनी आहे, फारच जुनी. डोंगराच्या कुशीत एक तटबंदीचं नगर होतं आणि त्या नगराला आपल्या पहारेकऱ्यांचा भारी तोरा होता. तोरा असावा, माझी त्याला ना नाही. पण तो कुणाला भोवला ते ऐका. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी तर जास्तच कान देऊन ऐका.

या नगरात रोज गुळाच्या गाड्या यायच्या. गुळावरच सगळ्यांचं पोट. पण घरांची रीत अशी की दारं बाहेरून किल्लीनंच उघडायची, आतून कितीही ढकला, उघडत नसत. त्या किल्ल्या किल्लीआळीत घडायच्या. गाड्या आल्या की आळीतली माणसं किल्ल्या घेऊन दारोदार धावत. दार उघडे, गूळ आत जाई, त्याच्यावरच चूल पेटे. एकदा फिरलेली किल्ली पुन्हा चालत नसे, म्हणून आळीतला भाता कधी थंडावत नसे. प्रत्येक किल्लीला दोन पदरांचा, गाठी मारलेला गोफ बांधलेला असे. ती त्या आळीची खूण.

पहारेकऱ्यांची रीत याहून न्यारी. ते कुणाचं तोंड बघत नसत.

"तोंडं फसवतात," त्यांचा वस्ताद म्हणे. "शत्रू सोंग घेऊन येतो, गोड बोलतो. त्याच्या अंगावरची चिंधी मात्र सोंग घेत नाही."

म्हणून टेहळे गल्लोगल्ली फिरून पडलेझडलेले तुकडे वेचत, लाकडी पट्टीच्या खाचेत बसवत आणि पहारेकऱ्यांपुढे धरत. एकेका पहारेकऱ्याच्या डोळ्याला एकेकच खूण खुपायची. ज्याला ती खुपली तो भाला उचलून हाक द्यायचा, आणि ती हाक ऐकून तसल्याच डोळ्याचे दुसरे गोळा व्हायचे.

आता तुम्ही विचाराल, आपल्याच गावची खूण कुणाला खुपली तर? वस्ताद इतका खुळा नव्हता. तालमीत तो पोरांना गावातला तुकडा न् तुकडा दाखवायचा. कुंभाराची माती, विणकराचा धागा, तेल्याची पेंड. जो आपल्याच गावच्या तुकड्यावर डोळे वटारील, त्याला तिथूनच बाहेर काढायचा. दया नाही, माया नाही. रीत चांगली होती.

पण त्या पट्टीच्या खाचेला एका कोपऱ्यात अडसर नव्हता. बाकी सगळे तुकडे बसत. गोफाचा तुकडा तेवढा टिकत नसे. वस्तादानं पट्टी वर धरली की तो घसरायचा आणि खाली पडायचा.

एका टेहळ्यानं भीत भीत म्हटलं, "वस्ताद, कोपऱ्यात छोटी खुंटी ठोकू का?"

"ठोकून बघ, तुलाच ठोकतो. याच पट्टीवर आपल्या वाडवडिलांनी परचक्रं वेशीवर ओळखली. तिला तू शहाणपण शिकवणार?"

त्या पोरांत धाकोजी नावाचा एक होता. त्याची बहीण गोदू किल्लीआळीत दिलेली. तो म्हणाला, "वस्ताद, आत्ता पडलं ते काय होतं? नीट दिसलं नाही."

"गोफ. किल्लीआळीचा."

"पुन्हा दाखवा की."

"आपल्याच गावचा आहे, त्यात बघायचंय काय? तुझ्या बहिणीच्या घरचा आहे म्हणून ओवाळू का त्याला? पुढचं बघ."

धाकोजीनं पुढचं बघितलं. तालमीतून पास होऊन तो पहाऱ्यावर गेला. त्याच्या डोळ्याला नेमकं काय खुपतं, हे ना त्याला ठाऊक, ना वस्तादाला.

पुढं नगरात माणसं वाढली, गाड्या वाढल्या. किल्लीआळीवर कामाचा रेटा आला. घाईघाईत गोफ तुटू लागले, तुकड्यांचा खच पडला. टेहळ्यांनी ते वेचले. तुकडा घसरतो म्हणून त्यांनी तो एक गाठ पुढं सारला आणि अंगठ्यानं दाबून दाबून खाचेत कोंबला. बसला एकदाचा. पण पुढं सरकल्यामुळं त्याचं रूपच पालटलं. जी गाठ आत दडायची ती वर आली.

धाकोजी आळीच्या तोंडाशी उभा होता. पट्टी समोर आली आणि त्याच्या अंगावर काटा उभा राहिला.

"हे आपलं नाही," तो म्हणाला.

"अरे, आळीतच सापडलंय," टेहळ्या म्हणाला.

"मग ते आळीत शिरलंय."

बघा, शंकेला कसे पाय फुटतात. त्यानं टेहळ्याच्या हातची पट्टी घेतली आणि हाक दिली. दुसरे आले, त्यांनी हाका दिल्या, आणखी आले. भाले घेऊन सगळे आळीत घुसले.

गोदू भात्यापाशी होती. तिनं भावाला पाहिलं.

"काय रे दादा, जेवायला आलास की मारायला?"

"तोंड दाखवू नकोस. मला पट्टी बघू दे."

"लहानपणी माझ्या ताटातलं ओढून खायचास, तेव्हा पट्टी लागत नव्हती ती?"

"गोदू, बाजूला हो."

ती हलली नाही. तिनं त्याच्या हातातली पट्टी हिसकावली, खाचेतला तुकडा उपटला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा मी वळलाय. आता बघ. लाकडात कोंबलेला नको, हातावरचा बघ."

धाकोजीनं बघितलं. दोन साधे पदर, साध्या गाठी. भाला आपोआप खाली आला. तो मागं वळून ओरडला, "थांबा रे. आपलीच माणसं आहेत."

पण मागच्यांच्या हातात त्यांच्या त्यांच्या पट्ट्या होत्या. जितक्या भट्ट्या फोडाव्या तितके गोफ तुटायचे. जितके तुकडे पडायचे तितक्या पट्ट्या भरायच्या. जितक्या पट्ट्या, तितके भाले. एकट्याच्या आवाजाला तिथं कोण विचारतो? धाकोजीनं बहिणीला कसंबसं ओढून बाहेर काढलं. भाता मात्र फाटला, आणि आळी निजली ती निजलीच.

गाड्या यायच्या त्या आल्या. पण दार उघडणारं कुणी नाही. गूळ रस्त्यावर साचला, पाघळला, माश्या बसल्या. तो चिकटा धुताना विहिरी उपसल्या तरी नगराची तहान भागेना. दाराबाहेर गुळाच्या राशी आणि दाराआड माणसं उपाशी. चुलीत घालायला काही नाही म्हणून लोकांनी घराची आढी, वासे जाळले, आणि त्या धुरानं आतल्या आत घुसमटले.

गोदूनं रडत बसायला वेळ घेतला नाही. ती नदीपार परक्या गावात गेली आणि तशाच घडणीच्या किल्ल्या मागून आणल्या. तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी तेच. कमी आणल्या तर गूळ रस्त्यावर सडतो. जास्त झाल्या तर सगळी दारं एकदम उघडतात, रस्त्यावरचा गूळ पार संपतो आणि पुढची गाडी येईपर्यंत माणसं भोवळ येऊन पडतात. रोज अंदाज, रोज धास्ती. आळी होती तेव्हा हा अंदाज आळीच घ्यायची, आणि कुणी आळीला कधी शाबास म्हटलं नव्हतं.

धाकोजी बहिणीच्या मागून टोपली वाहतो. एकदा तो म्हणाला, "गोदू, आपण आळी पुन्हा उभी करू."

"करू की. भाता मी आज लावीन," ती म्हणाली. "पण तुझे सोबती अजून आळीच्या तोंडाशीच उभे आहेत. पहिली ठिणगी उडाली की ते आत येतील. त्यांना माघारी कसं न्यायचं, ते आधी शोध."

त्यानं टोपली खांद्यावर घेतली, कारण जेवणवेळ होत आली होती आणि दारं बंद होती.

तात्पर्य: राखणदाराला आपली माणसं नीट दाखवली नाहीत, तर तो शत्रूची वाट बघत बसत नाही, घरातच शत्रू शोधतो.