सतरंजीची दोन टोकं

“म्हणून विचारतो बुवा, दोघांतल्या कोणाला घालवू?”

घार्गेसाहेबांनी हे मठाखालच्या नदीच्या काठावरून पुन्हा एकदा विचारलं, जरा मोठ्यानं. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं की काय, अशी त्यांना शंका आली होती.

सोमगीर बुवा गुडघाभर पाण्यात उभे होते. काचा वर खोचलेला, समोर खडकावर मठाची लांबलचक सतरंजी. कालच्या भंडाऱ्यात तिच्यावर आमटीची अख्खी बादली कलंडली होती. बुवा ती धोपटत होते.

धप्... धप्...

उत्तर म्हणून तेवढंच.

घार्गे म्हणजे नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख. छातीवर पदक, डोक्यात शहाणपण, दोन्ही रोज पुसून लखलखीत. माणूस वाईट नव्हता. पण आपल्याला न सुटणारा गुंता जगात असू शकतो, याचाच त्यांना राग यायचा.

आणि गुंता तरी कसला? काटकर आणि डुबल. बंबावरची जुनी जोडी. पाण्याचा जोर सुटला की नळी उधळते, म्हणून एकानं पुढून तोंड धरायचं, दुसऱ्यानं मागून भार द्यायचा. वर्षानुवर्षं दोघं असेच आगीत शिरले आणि असेच काळ्या तोंडानं हसत बाहेर आले.

मग नगरपरिषदेची निवडणूक आली. काटकर छत्रीवाल्यांचा, डुबल कपबशीवाल्यांचा. छत्री मूठभर मतांनी निवडून आली आणि काटकरानं आनंदाच्या भरात डुबलच्या हेल्मेटात गुलाल ओतला.

त्या दिवसापासून केंद्राची दोन केंद्रं झाली. छत्रीवाले कपबशीला शिवेनात. स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊन ओठ भाजून घेत, पण तत्त्व सोडत नसत. कपबशीवाले भर पावसात भिजत कामावर येत. छत्री उघडायची कशी?

“इथवर चाललं असतं,” घार्गे म्हणाले. “पण गेल्या महिन्यात कडब्याची गंजी पेटली. काटकर पुढं. ओरडला, ‘डुबल, धर घट्ट!’ तर डुबलनं नळी सोडली आणि म्हणाला, ‘तुझ्या छत्रीला सांग धरायला!’ नळी उधळली. काटकर उडून शेणाच्या उकिरड्यात...”

बुवांचं धोपाटणं थांबलं. खांदे हलत होते.

“हसताय काय बुवा? गंजी राख झाली! आणि काल, दुसऱ्या आगीला, काटकर पंपावर. डुबल पुढून ओरडतोय, ‘पाणी सोड!’ हा म्हणतो, ‘कपबशीतून ने!’ डुबलची अर्धी मिशी जळाली.”

“कुठली अर्धी?”

“बुवा!”

बुवांनी तोंडावर पाणी मारलं. हसू काही गेलं नाही.

“मग तू काय केलंस?”

हा प्रश्न घार्ग्यांना आवडला. “काय नाही केलं ते विचारा. राजकारण बोलायला बंदी घातली. दोघांच्या जागा बदलल्या, पुढचा मागं आणि मागचा पुढं. मग एकोप्याचं शिबिर घेतलं, सगळ्यांकडून एका सुरात वदवून घेतलं, ‘आपण एक, आपलं मत एक.’ माझं साधं म्हणणं आहे बुवा, एका बंबावर एकच मत पाहिजे. सगळ्यांनी एकाच बाजूला जोर लावला, तर डोंगर हलतो.”

“मग, हलला?”

“...नाही. आता मुख्याधिकारी म्हणतात, उद्यापर्यंत एकाला कोंडवाड्यावर पाठवा. मोकाट गुरं राखायला.” घार्ग्यांचा आवाज एकाएकी खाली आला. “तेलाच्या गिरणीला आग लागली होती, तेव्हा मी आत अडकलो होतो. या दोघांनी मला ओढून काढलं. एकानं खांदे धरले होते, एकानं पाय. आता कोणाला गुरांत पाठवू? डोळे दोन्ही माझेच. कुठला फोडू?”

बुवांनी धोपाटणं खडकावर ठेवलं. त्यांनी सतरंजीचं एक टोक उचललं आणि साहेबांपुढं केलं.

“धर.”

“मी?”

“पिळायची हाय. एकट्याच्यानं व्हत न्हाय.”

साहेबांनी बूट काढले, पॅन्ट दुमडली, पदकाकडं एकदा बघितलं आणि पाण्यात उतरले. दोघं समोरासमोर उभे राहिले. मधे लोंबती, जडशीळ सतरंजी.

“कसं पिळू?”

“तूच सांग की. तुझं ते... एका बाजूला जोर.”

“बरोबर! तुम्ही नदीकडं फिरवा, मीही नदीकडंच फिरवतो.”

“बरं.”

दोघांनी नदीकडं फिरवली. सतरंजी डुलत डुलत अख्खीच्या अख्खी वळली. थेंब पडेना.

“जोर लावा बुवा!”

“लावतोय की.”

पुन्हा वळली. पाणी होतं तिथंच. घार्गे घामाघूम झाले, बुवा मजेत.

“आता मी मठाकडं फिरवतो,” बुवा म्हणाले. “तू तुझं सोडू नगंस. नदीकडंच ऱ्हा.”

“अहो, उलट्या बाजूला?”

बुवांनी फिरवली. सतरंजीला पीळ बसला, ती आखडली, कण्हली, आणि मधून आमटीच्या रंगाची जाड धार धो धो खाली आली.

घार्गे बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. हा उजेड केंद्रातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता; तो दिसला की नवं शिबिर निघायचं.

“कळलं! मतं उलटीच पाहिजेत! उद्याच सांगतो सगळ्यांना, एकमेकांच्या विरुद्ध...”

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

साहेबांनी टोक सोडलं आणि फोन घेतला.

पिळलेली सतरंजी गरकन उलटी फिरली. तिचा ओला फटका बुवांच्या पोटावर बसला आणि बुवा, हातातलं टोक तसंच घट्ट धरून, धपकन पाण्यात बसले. सतरंजीचं मोकळं टोक चिखलात जाऊन पडलं.

“साहेब,” फोनवर केंद्रातला कारकून विचारत होता, “बदलीच्या हुकुमात नाव कुणाचं घालू?”

घार्गे बुवांकडं बघत होते. बुवा कमरेइतक्या पाण्यात बसून, पोटाला हात लावून, पोरासारखे हसत होते.

“साहेब? ऐकू येतंय का?”

“...थांब जरा.”

त्यांनी फोन बंद केला, धावत जाऊन बुवांना उठवलं. शरमेनं त्यांचे कान लाल झाले होते.

“लागलं का हो?”

“न्हाय. पर एक सांग सायबा. मी उलटं पिळत होतो, म्हणून पडलो व्हय?”

घार्ग्यांनी चिखलात पडलेल्या टोकाकडं बघितलं.

“नाही,” ते शेवटी म्हणाले. “मी सोडली, म्हणून पडलात.”

बुवांनी मान हलवली. चिखलातलं टोक त्यांनी नदीत खळबळून घेतलं आणि पुन्हा साहेबांच्या हातात दिलं. घार्ग्यांनी या वेळी ते दोन्ही मुठींत धरलं. फोन पुन्हा वाजायला लागला. त्यांनी तो वाजू दिला.

नदीकडं. मठाकडं. धार पडली, आता जवळजवळ स्वच्छ.

सतरंजी खडकावर वाळत घातल्यावर साहेबांनी बूट चढवले. कारकुनाला स्वतःहून फोन लावला आणि हुकूम लिहू नकोस म्हणून सांगितलं. मुख्याधिकाऱ्यांशी उद्या आपणच भांडू, तेवढं तर आपल्याला जमतं. चार पावलं चढून गेले आणि थांबले. शेवटी साहेबच ते.

“बुवा, दोघांनाही एकाच बंबावर ठेवतो. पण तिथं पुन्हा छत्री आणि कपबशीवरून जुंपली तर?”

बुवा ओलं धोतर झटकत होते.

“जुंपू दे की,” ते म्हणाले. “तू तोंडाकडं बघू नगंस. हात कुठं हायत, ते बघ.”