सोविंदाचा उजवा पाय

तलावाकाठच्या एका गावात सोविंदा नावाचा एक भोळा शिंगाडेवाला राहायचा. गुडघाभर पाण्यात उभा राहून शिंगाडे तोडायचा आणि सांगितलेलं सगळं ऐकायचा. पंचाईत तीच होती.

वर्षात तीनदा त्याचा उजवा पाय लालभडक होऊन सुजला. तीनदा हुडहुडी भरून ताप, तीनदा सलाईन. पाय त्याचा, पण झोप उडाली ती त्याच्या बायकोची, पुष्पकलाची. आता चौथ्यांदा कधी? आधी कळेल का? दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या की हे दुखणं फिरून त्याच पायात येतं, आणि असंच येत राहिलं तर पाय कायमचा जाड होईल, मग तलाव विसरा. पुष्पकला बारावी शिकलेली. तिनं सगळी पथ्यं वहीत लिहून घेतली.

पहिलं पथ्य, पाय उंचावर ठेवायचा. तेवढं सांगून ती भाकरी थापायला गेली. परत येऊन बघते तर सोविंदा घराच्या कौलांवर. दोन्ही पाय उंचावर. डावा सोबतीला.

"अहो, खाली या. पाय उशीवर ठेवायचा."

"बरं. पुढच्या वेळी उशी."

दुसऱ्या दिवशी तो उशी घेऊन तलावात उतरला. पाण्यात पायाखाली उशी धरणं सोपं नाही. ती वर यायची, हा दाबायचा. सकाळभरात एक शिंगाडा तुटला नाही. पुष्पकलानं उशीतला कापूस उन्हात पसरला. आपणच नीट सांगितलं नसेल, असं तिला वाटलं.

"उशी घरात. पाण्यात गमबूट."

"बरं. पुढच्या वेळी गमबूट."

त्याच संध्याकाळी त्यानं गमबूट घालून आंघोळ केली. रोज तशीच केली. बुटांत साबणाचं पाणी साचायचं, पाय त्यात भिजत राहायचे. आठवड्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आणि घोट्याजवळ लाली दिसली.

सिस्टरनी गोळ्या दिल्या, लालीभोवती पेनानं रेघ ओढली. लाली आत असेल तर घरीच राहा, बाहेर गेली तर त्याच दिवशी या.

घरी आले तर परसातला भोपळ्याचा वेल कुंपणाबाहेर गेलेला. सोविंदानं विळा घेतला आणि तो छाटून टाकला, तीन कोवळ्या भोपळ्यांसकट. पुष्पकलानं कपाळाला हात लावला.

"वेल पुढं गेला तर कुंपण पुढं सरकवायचं. छाटायचं नाही."

"बरं. पुढच्या वेळी कुंपण."

मग रोज सकाळी ती चुलीपुढूनच विचारायची, लाली रेघेबाहेर गेली का? तो म्हणायचा, नाही, आतच आहे. असे चार दिवस गेले. पुष्पकलाला झोप लागू लागली. नवरा शहाणा झाला, आपलाच जीव उगाच टांगणीला, असं ती शेजारणीला सांगूनही आली.

पाचव्या दिवशी सोविंदा भर उन्हात घोंगडी पांघरून कुडकुडत बसला होता. तिनं त्याची लुंगी वर केली. घोट्यापासून मांडीपर्यंत निळ्या रेघा, एकीबाहेर एक, अगदी सुबक.

"हे काय केलंत?"

"बाहेर जाऊच दिली नाही," सोविंदा दात वाजवत, पण अभिमानानं म्हणाला. "रोज सकाळी कुंपण पुढं सरकवलं. तूच तर म्हणालीस, छाटायचं नाही."

पुष्पकला ओरडतच शेजारच्या रिक्षावाल्याला बोलवायला धावली. त्याला घेऊन आली, तर पाच वर्षांची रेणू हातात पेन धरून बापाची मांडी निरखत होती. रोज पेन आणून द्यायचं काम तिचं.

"आई," ती म्हणाली, "बाबांचा पाय तर संपला. उद्याची रेघ तुझ्या पायावर काढायची का?"