ठकूबाईची हाक

फार फार वर्षांमागं, हिवरतळच्या शिवारात ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूबाई नावाची राखणकरीण होती. शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून ती गोफण फिरवायची आणि हाळी द्यायची. तिच्या एका हाळीनं पाखरं दुसऱ्या गावच्या शिवारात जाऊन पडत, असं म्हणतात. म्हातारा सोनबा तिला चिडवायचा, “ठकू, हळू ओरड गं! बिचकून माझ्या म्हशीनं दूध चोरलं!”

एके साली गावात उंदीर मरून पडले आणि मागोमाग गाठीचा ताप आला. पहिली मौत कुंभाराच्या घरी झाली. मौतीच्या घरात चूल पेटत नाही. म्हणून रिवाजाप्रमाणे घरोघरच्या भाकरी तिथं गेल्या. माणसं मांडीला मांडी लावून बसली, रडणाऱ्यांना घास भरवले. ठकूबाईनंही भरवला. मग थोड्याच दिवसांत घास भरवणाऱ्यांनाच गाठी आल्या.

हैबती पाटलानं गाव मोकळं केलं. ज्यानं त्यानं आपल्या शेतात खोप घातली. ठकूबाईची एकुलती लेक हौसा नुकतीच विधवा झाली होती. तान्हं पोर घेऊन ती ओढ्यापलीकडच्या खोपीत राहिली. पण एखाद्या खोपीतून रडू आलं की लोक भाकर घेऊन धावायचेच, आणि आजार त्यांच्याबरोबर घरी यायचा.

तेव्हा ठकूबाई माळ्यावर चढली. “कुणी कुणाच्या खोपीत जायचं नाही! भाकर बांधावर ठेवा आणि मागं फिरा. माया लांबून करा!”

“आणि कोण कसंय ते कळायचं कसं?” पाटलानं खालून विचारलं.

“मी हाका मारीन. ज्यानं त्यानं ओ द्यायची.”

रोज दिवस कलला की ती एकेकाचं नाव घ्यायची. खोपीखोपीतून ओ यायची. सोनबा ओरडायचा, “मी मेलोय गं! दोन भाकरी ठेव!”

“मेलास तर एक पुरे की!” ती वरून म्हणायची, आणि त्या दुखण्याच्या दिवसांतही अख्खं शिवार हसायचं.

एके दिवशी तिनं हाक मारली, “हौसेऽऽ!” ओ आली नाही. पुन्हा मारली. तरी नाही. ठकूबाईचा पाय शिडीवर आला.

“जा ठकू, पोरीकडं जा,” सोनबा आपल्या खोपीतून ओरडला. “तुला कोण बोल लावणार?”

बोल कुणीच लावला नसता. पण आपण गेलो की उद्या प्रत्येक आई जाईल, हे तिला कळत होतं. तिनं पाय वर घेतला. लेकीची भाकर बांधावर तशीच होती. तिनं माळ्याची मेढ घट्ट धरली आणि हाका मारत राहिली. तिचा आवाज चिरकला, तसा सोनबानं हाक दिली. मग पाटलानं, मग कुंभारणीनं. खोपीखोपीतून एकच नाव उठलं. ज्या पाखरांना तिनं जन्मभर हाकललं, ती ओढ्यावरून परत आली, माळ्याभोवती बसली आणि तीही ओरडू लागली, असं म्हणतात.

आणि ओढ्यापलीकडून बारीक आवाज आला, “ओ, आई.”

त्या तापातून उठलेली हौसा पहिली. तिचं पोरही वाचलं. एकदा उठलेल्याला हा ताप पुन्हा धरत नाही, असं म्हणत; म्हणून पुढं तीच खोपीखोपीत जाऊन आजाऱ्यांना पाणी पाजू लागली. ठकूबाईचा आवाज मात्र त्या दिवशी गेला तो गेलाच. साथ सरेपर्यंत उरलेल्या हाका गावानं आळीपाळीनं मारल्या.

आजही सुगीच्या आधी हिवरतळात एक दिवस बांधावर भाकरी ठेवतात आणि माळ्यावरून घराघरातली नावं पुकारतात. भावाभावांत वैर असलं तरी ओ द्यावीच लागते. शेवटचं नाव ठकूबाईचं. तिच्यासाठी ओ द्यायचा मान गावातल्या सगळ्यांत लहान, नुकत्याच बोलू लागलेल्या लेकराचा. ते लाजतं, आईच्या पदरात तोंड लपवतं. भाकरी निवतात. कुणी घाई करत नाही. ओ आल्याशिवाय हिवरतळात कुणी घास मोडत नाही.