घोंगडी शिजवणारी सून

फार फार मागची गोष्ट आहे बघा. एका माळावर मेंढपाळांचं गाव होतं. तिथं हौसा नावाची एक सून होती.

नवी असताना तिच्या हातून एक चूक झाली. सासऱ्याची मळकी घोंगडी तिनं राख आणि चुन्याच्या पाण्यात उकळत ठेवली अन् आडावर गेली. येऊन बघते तर घोंगडी नाही, हंड्यात नुसता लगदा. तेव्हापासून गाव तिला घोंगडी शिजवणारी म्हणे. हौसा हसून घ्यायची, पण विसरली नव्हती.

गावची एक रीत होती. कातरणी झाली की चांगली लोकर घरात यायची. पोटाखालची, शेणानं माखलेली लोकर मात्र घळीत टाकायची, ती उंबऱ्याच्या आत आणायची नाही. लोकर काही लवकर कुजत नाही. ढीग वाढत राहिला.

एका वर्षी पाऊस झाला नाही. गवताच्या वाळक्या काड्यांत कस कुठला? कोकरं एकमेकांची लोकर ओरबाडून खाऊ लागली. पोटात तिचा गोळा व्हायचा आणि कोकरू जायचं. हौसाचा सासरा धुळाप्पा गावचा कारभारी. त्यानं सगळ्यांना कोकरांच्या तोंडाला मुसकी बांधायला लावली, तर कोकरं आणखीच झुरली. असंच चाललं असतं तर कळप संपला असता.

हौसा मेंढरांच्या वाड्यात बसून बघत राहिली. जनावर उगाच काही मागत नाही, तिला वाटलं. लोकरीत ह्यांना हवं ते आहे, पण पोटात ते सुटत नाही. आणि सुटतं कशानं, हे गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं घळीतली लोकर आणून धुतली. रीत मोडली नाही, चूल अंगणातच मांडली. राख-चुन्याच्या पाण्यात लोकर विरेपर्यंत शिजवली. वास असा सुटला की बायका पदर नाकाला लावून विचारत, आज कालवण कसलं गं? मग तिनं आंबट ताकाची निवळ घालून पाण्याचा झोंबरेपणा मारला. लगदा फरशीवर वाळवला, जात्यावर दळला. पिवळसर भुकटी झाली. चिमूटभर आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली.

भुकटी भरड्यात कालवून ती आपल्या एकुलत्या एका कोकराकडे निघाली. धुळाप्पा आडवा आला.

"मेलं म्हंजे?"

"मामंजी, ते लोकर मागतंयच. मी फक्त शिजवून देते."

म्हातारा बाजूला झाला.

आठ दिवसांत कोकरू तरतरीत झालं. लोकरीला तोंड लावीना. मग घरोघरी चुली पेटल्या, मुसकी सुटली आणि कळप तगला. पुढच्या पावसापर्यंत घळीचा तळ दिसू लागला.

एके सकाळी धुळाप्पा अंगणात आला. खांद्यावरची जुनी घोंगडी त्यानं हंड्याशेजारी ठेवली.

"सूनबाई," तो म्हणाला, "ही पण शिजव."

तर बाळांनो, टाकलेल्या वस्तूत आणि झालेल्या चुकीत पुन्हा एकदा डोकावून बघावं, गरजेचं काही तिथंच पडलेलं असतं.