अस्वलाचा दांडू आणि माकडाचा चेंडू

एका जंगलात ओढ्याकाठच्या प्राण्यांचा बेसबॉलचा संघ होता. बाळांनो, संघ कसला, नाव मोठं आणि लक्षण खोटं! माकड चेंडू फेकी आणि अस्वल दांडूने टोलवी. टोला लागला की गड्याने मैदानाला फेरी मारून परत यायचे, तेव्हा धाव पुरी; तीनदा हुकला की गडी बाद, आणि सामन्यात बिचारे अस्वल नेमके तीनदा हुके. सरावात मात्र त्याचा एकही टोला वाया जात नसे. कारण या संघाची रीतच होती, की सरावात आपल्या गड्याला बाद करायचे नाही. अस्वल हिरमुसू नये म्हणून माकड चेंडू इतका अलगद सोडी, की तो मुंगीनेही टोलवावा.

यंदाच्या हंगामातले पहिले दोन सामने हरल्यावर कप्तान कावळ्याने अस्वलाला बाजूला घेतले. वाईट त्यालाही वाटत होते, पण त्याने स्पष्टच सांगितले, की या हंगामात एकही टोला लागला नाही, तर दांडू दुसऱ्याच्या हाती जाईल. अस्वलाचा सगळा जीव त्या खेळात. दोन दिवस ते मधालाही शिवले नाही.

माकडाने ते पाहिले. चूक आपली आहे, हे त्याला कळून चुकले. दुसऱ्या दिवशी सरावात त्याने अंगातले सगळे बळ लावून चेंडू फेकला आणि अस्वलाला पाहता पाहता बाद केले.

"मित्र म्हणवतोस आणि मलाच बाद करतोस?" अस्वल म्हणाले.

"मी लाड करीन रे, पण टेकडीवरच्या संघात चेंडू फेकणारा लांडगा करणार आहे का?" माकड म्हणाले.

अस्वलाने अबोला धरला, पण सरावाला येणे काही सोडले नाही. आधी त्याचा दांडू नुसता हवेत फिरे, मग चेंडूला निसटता लागू लागला, पुढे चांगला बसू लागला. तसा माकडालाही वेग वाढवावा लागला, चेंडू वळवायला शिकावे लागले. त्याच्या फेकीपुढे भलेभले गडबडले आणि संघाने लागोपाठ चार सामने जिंकले. अस्वल मात्र सामन्यात घाबरून जाई, आणि टोला काही लागत नसे.

शेवटचा सामना टेकडीवरच्या संघाशी होता. लांडग्याचे दोन चेंडू अस्वल घाबरून हुकले. माकडाला तर बघवेना. तिसरा चेंडू लांडग्याने दात-ओठ खाऊन फेकला, आणि अस्वलाच्या ध्यानात आले, की हा तर माकडाच्या चेंडूपेक्षा हळू येतोय. त्याची भीती पळाली. त्याने असा टोला हाणला, की चेंडू करवंदीच्या जाळ्यांपलीकडे गेला.

अस्वलाने दांडू टाकला आणि धावत जाऊन माकडाला मिठी मारली. "गड्या, तू माझे लाड थांबवलेस म्हणून मी आज खेळलो," ते रडत म्हणाले.

"अरे, मिठी मागाहून मार," माकड डोळे पुसत म्हणाले, "आधी धाव पुरी कर."

तात्पर्य : जो सरावात आपल्याला सोपे जाऊ देतो तो गोड वाटतो, पण जो घाम गाळायला लावतो तोच खरा सोबती, आणि त्यात त्याचेही भलेच होते.