कुंडीच्या तळाचं भोक

कुंड्याही बोलत असत, त्या काळातली गोष्ट. एका अंगणात मातीच्या कुंडीत एक बांबू राहत होता. कुंडीच्या तळाला भोक होतं आणि माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर खापरीचा तुकडा ठेवला होता. झारी पाणी घाली आणि त्यातलं थोडं खापरीच्या कडेने निघून जाई. ते बघून बांबूचा जीव वरखाली होई. मातीत त्याचा पहिला कोंब वाढत होता. त्याला पाणी कमी पडलं तर?

"खापरीमावशी, तू राखण करतेस की चोराला दार उघडतेस?"

"जाणारं जाऊ दे रे," खापरी म्हणाली.

बांबूला धीर कुठला? त्याने आपलं सगळ्यात जाड मूळ त्या भोकात घट्ट खुपसलं. आता थेंबही बाहेर जाईना.

थोड्याच दिवसांत त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. "तहान लागलीय! झारीताई, आणखी ओत!" झारीने ओतलं. पानं आणखीच गळाली.

"वेड्या, ही तहान नव्हे," खापरी खालून ओरडली. "तुझी मुळं पाण्यात गुदमरलीत. कोंबाला हाक मार बघू!"

बांबूने हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली.

मग मात्र त्याने मूळ ओढलं. ते सोलून निघालं, पण निघालं. काळं, कुबट पाणी बाहेर धावलं. जाणारा प्रत्येक थेंब बांबू मोजत होता. सगळंच गेलं तर?

पाण्यामागून मातीत हवा शिरली आणि अंधारातून एक चिडका आवाज आला, "बाबा, किती वेळ बुडवून ठेवलंत मला!"