टोकाकडची चीर

एकदा एका पेठेत एका वृद्ध नाभिकाचे दुकान होते. त्याच्या वस्तऱ्याखाली बसलेला माणूस हमखास डुलकी काढी आणि दाढी झाल्याचे त्याला गार पाण्याचा हात फिरल्यावरच कळे. पेठेला त्या दुकानाचा अभिमान होता. वृद्धालाही होता, आणि तो लपवण्याचा खोटा विनय त्याच्यापाशी नव्हता.

वस्तरा दगडावर लावला तरी त्याची धार मऊ होते ती चामड्याच्या पट्ट्यावर, हे आजच्या ब्लेडच्या दिवसांत सांगावे लागते. पट्टा खुंटीला अडकवायचा, खालचे टोक हाताने ताणायचे आणि पाते त्यावर आडवे टेकवून वरखाली फिरवायचे. टोकाशी आले की पाते पाठीवर, म्हणजे बोथट बाजूवर, वळवायचे. चुकून धारेवर वळले की चामडे चिरलेच. त्या दुकानाचा रिवाज असा, की गुरूने पट्टा हाती दिल्याखेरीज शिष्याने स्वतःचे दुकान थाटू नये.

वृद्धाचा एक शिष्य हाताचा अत्यंत साफ होता. त्याने शेजारच्या गावी जागा पाहून ठेवली होती. दोन उमेदवार त्याच्या हाताखाली शिकायला तयार होते, आणि ठरत आलेले लग्नही दुकान कधी उघडते यावरच अडले होते. फक्त पट्टा मिळायचा राहिला होता.

एका सकाळी वृद्धाने माळ्यावरून कापडात गुंडाळलेला एक जुनाट पट्टा काढून त्याच्यापुढे ठेवला. चामडे काळे पडून ताठ झाले होते आणि कडांना बुरशी धरली होती.

"हा काय आहे ते ओळख. मग कामाला लायक कर. जमलं तर तुझाच."

शिष्याने पट्टा उलटसुलट केला, वास घेतला, नखाने दाबून पाहिले. "आबा, घोड्याचं कातडं आहे. म्हशीचं इतक्या बारीक पोताचं नसतं. आणि भरपूर वापरलेला आहे, मधोमध अजून तुकतुकी आहे."

"बरोबर. आणखी काही?"

"टोकाकडे चिरा आहेत. कुणीतरी फार हयगयीनं वापरलाय."

वृद्ध पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शिष्य जिवापाड खपला. त्याने कोरड्या ब्रशने बुरशी झाडली, साबणाच्या फेसाने मळ काढला, पट्टा सावलीत सुकवला आणि त्याला तेलाचा अगदी हलका हात दिला. मग रोज तो तळहाताने चोळत राहिला, कारण चामडे हाताच्या उबेनेच नरम होते. चिरा मात्र त्याच्या डोळ्यांत सलत होत्या. त्या त्याने पॉलिश पेपरने घासून घासून पार नाहीशा केल्या.

पट्टा तयार झाला तेव्हा खुर्चीत पेठेतला एक व्यापारी बसला होता. तो म्हणाला, "आबा, हा तर दिवाणखान्यात टांगावा असा झालाय."

वृद्धाने पट्ट्यावर वस्तरा फिरवला आणि मनगटावरच्या केसाला लावून पाहिला. त्याचे डोळे भरून आले. "असं काम माझ्या हातूनही झालं नसतं," तो म्हणाला. आणि मग त्याने पट्ट्याचे टोक ताणून धरले, पाते उभे केले आणि त्या नितळ चामड्यावर मुद्दाम एक चीर पाडली.

शिष्याचा चेहरा उतरला. "आबा, हे काय केलंत?"

वृद्ध चिरेची उचललेली कड अंगठ्याने दाबत म्हणाला, "तू ज्या चिरा पुसल्यास, त्यांतली एक माझी होती. मी नवखा असताना पातं धारेवर वळलं आणि मी रडकुंडीला आलो. तेव्हा माझ्या गुरूंनी शेजारची चीर दाखवली. म्हणाले, ही माझी, आणि पलीकडची माझ्या गुरूंची. त्यानंतर कुठे मला पुन्हा वस्तरा धरवला. कातडं कोणतं हे तू अचूक ओळखलंस. पण हा शिकवणाऱ्यांचा पट्टा आहे, हे ओळखायचं राहिलं. उद्या तुझे उमेदवार इतक्या निर्दोष पट्ट्याला हात लावायला घाबरतील, आणि लावलाच तर सारा वेळ तुझ्या तोंडाकडे बघत लावतील. त्यांना दाखवायला एखादी तरी चीर नको का?"

शिष्याने मान खाली घालून त्या चिरेवरून बोट फिरवले. मग हळूच म्हणाला, "शेजारी माझीही पाडू?"

"मुद्दामची एक पुरे," वृद्ध हसला. "तुझी पडेल आपोआप." आणि त्याने पट्टा गुंडाळून दोन्ही हातांनी त्याच्या हाती दिला.

पुढे लग्नही झाले आणि दुकानही चालले. काही काळाने वृद्ध दाढी करून घ्यायला त्या गावी गेला. खुर्चीत बसण्याआधी त्याने सवयीने पट्ट्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. त्याच्या चिरेशेजारी दोन नव्या चिरा होत्या.

"ही धाकट्या उमेदवाराची," शिष्य म्हणाला. "आणि ही माझी. त्याला शिकवतानाच पडली." हे सांगताना त्याची मान ताठ होती.

वृद्ध खुर्चीत टेकला आणि त्याने डोळे मिटून घेतले. म्हणाला, "आता ओळखला मी पट्टा. तुझ्या धाकट्या उमेदवाराला म्हणावं, माझी दाढी त्यानंच करायची."